शिकारीच्या पैशातून गावाने वन्यजीव कसे राखायचे: नामिबियातल्या कन्झर्व्हन्सीची पद्धत, पहिल्यापासून

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे आणि ती परत चालू करा असं म्हणायला मी हे लिहीत नाहीये. पण २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून आठ चित्ते कुनोला आले तेव्हा माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी तो देश पहिल्यांदा नकाशात शोधला, आणि लगेच पुढचा प्रश्न आला की अरे तिथे तर पैसे घेऊन हत्ती मारू देतात म्हणे, मग तिथे प्राणी शिल्लक कसे? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका वाक्यात मावत नाही, म्हणून मी ते 'हे करायचं कसं' अशा अंगाने लिहितोय. असं धरून चाला की तुम्ही नामिबियाच्या वायव्येला कुनेने भागात राहता, शेळ्या आहेत, थोडी गुरं आहेत, रात्री हत्ती येऊन पाण्याची टाकी फोडून जातो, कधी सिंह गोठ्यात शिरतो, आणि गावाने ठरवलंय की आपण कन्झर्व्हन्सी काढू. आता सुरुवात कुठून करायची?

कन्झर्व्हन्सी म्हणजे काय आणि हा हक्क आला कुठून

कन्झर्व्हन्सी म्हणजे अभयारण्य नव्हे. आपल्याला संरक्षित क्षेत्र म्हटलं की गावं उठवली, चराई बंद केली असंच डोळ्यापुढे येतं. तिथे लोक आहेत तिथेच राहतात, गुरं तिथेच चरतात, ईशान्येला झांबेझी भागात पाऊस बरा असतो तिथे शेतीही होते, आणि त्याच जमिनीवर ओरिक्स, झेब्रे, जिराफ, हत्ती फिरतात. जमीन सामाईक, मालकी सरकारची. गावाला मिळतो तो वन्यप्राण्यांची व्यवस्था लावायचा आणि त्यातून येणारी कमाई स्वतःकडे ठेवायचा हक्क, एवढंच.

हा हक्क कसा आला ते माहीत असायला हवं, नाहीतर पुढचं काहीच नीट कळत नाही. नामिबियावर दक्षिण आफ्रिकेचं राज्य होतं तेव्हा साठ-सत्तरच्या दशकात गोऱ्या शेतमालकांना त्यांच्या फार्मवरच्या, ज्यांची शिकार होते अशा प्राण्यांवर हक्क देण्यात आला, मग त्यांनी ते प्राणी जपले कारण त्यातून पैसा दिसायला लागला. काळ्या लोकांच्या सामाईक जमिनीवर मात्र तोच कुडू (मोठ्या शिंगांचं हरीण) सरकारचा, आणि भुकेपोटी मारला तर गुन्हा. म्हणजे पीक खाणार, गुरं मारणार ते प्राणी सरकारचे आणि नुकसान तुमचं. अशा वेळी गावकरी त्यांना वाचवतील तरी कशाला? त्यात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भयंकर दुष्काळ पडला, हस्तिदंत आणि गेंड्याच्या शिंगासाठी चोरटी शिकार वाढली. त्या काळात गार्थ ओवेन-स्मिथ नावाचा माणूस तिथल्या जोशुआ कांगोंबे यांच्यासारख्या गावप्रमुखांना जाऊन भेटला आणि त्यांनी मिळून गावातलेच लोक राखणदार म्हणून नेमले. सरकारचे नव्हे, गावप्रमुखाला उत्तर देणारे. त्यात पूर्वी शिकारीला जाणारी माणसं पण होती, आणि ते बरोबरच होतं, कारण माग काढणं त्यांच्याइतकं कुणाला जमणार? मोबदला म्हणजे मुख्यतः धान्य-राशन. आजच्या सगळ्या डोलाऱ्याचा पाया तो आहे, शिकारीचा पैसा नंतर आला. हे मी मुद्दाम सांगतोय कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की आधी शिकारी आले आणि त्यांच्या पैशाने गाव जागं झालं, तसं झालेलं नाही.

१९९० ला देश स्वतंत्र झाला, १९९६ ला कायद्यात दुरुस्ती होऊन सामाईक जमिनीवरच्या लोकांनाही कन्झर्व्हन्सी करून तोच हक्क घेता येऊ लागला, आणि १९९८ ला पहिल्या चार कन्झर्व्हन्सी नोंदल्या गेल्या, त्यात सान या तिथल्या आदिवासी लोकांची न्याए न्याए, कुनेनेतली टोरा आणि झांबेझीकडची सालांबाला या होत्या. आज ८६ आहेत आणि देशाची साधारण पाचवा हिस्सा जमीन त्यात येते.

नोंदणी: कागद कमी, बैठका जास्त

तिथल्या पर्यावरण मंत्रालयाकडे अर्ज करायला मुख्य पाच गोष्टी लागतात. सभासदांची यादी, शेजाऱ्यांना मान्य असलेली हद्द, लोकांनी निवडलेली समिती, लिखित नियमावली, आणि जो काही फायदा येईल तो कसा वाटणार याचा आराखडा. ते झालं की गॅझेटमध्ये नाव येतं.

यातली हद्द सगळ्यात जास्त दमवते. आपल्याकडे बांधावरून भावाभावात कोर्टकचेरी होते, इथे तर दोन प्रमुखांच्या प्रदेशातली शीव ठरवायची असते जिथे आजवर कुणी खांब रोवलेला नाही आणि दुष्काळात दोघांचीही गुरं एकाच झऱ्यावर जातात. नकाशा घेऊन ऑफिसात बसू नका, दोन्हीकडची चार-चार म्हातारी माणसं घेऊन प्रत्यक्ष चाला, कुठला ओढा, कुठला डोंगर, कुठली जुनी स्मशानं हे त्यांना माहीत असतं, आणि ज्या ठिकाणी एकमत होत नाही तिथे घाई करू नका, वेळ गेला तर जाऊ द्या. अर्धवट मिटवलेली हद्द पुढे पहिला हत्ती विकला गेला की लगेच भांडण बनून उभी राहते, कारण तो नेमका कुणाच्या हद्दीत पडला हा प्रश्न आता पैशाचा असतो.

सभासद यादीत घरटी एक नाव घेऊ नका, प्रत्येक प्रौढ माणसाचं घ्या. घरटी नाव म्हणजे पुरुषाचं नाव, आणि मग पाणी भरायला जाताना ज्यांची हत्तीशी गाठ पडते त्या बायका मतदानात नसतातच.

आणि फायदा वाटपाचा आराखडा पैसे यायच्या आधी लिहा. रिकाम्या तिजोरीवर सगळे समजूतदार असतात.

गेम गार्ड आणि त्यांची वही

गेम गार्ड म्हणजे वर सांगितलेले गावचे राखणदार. मला या सगळ्या पद्धतीत सर्वात जास्त काय आवडत असेल तर त्यांची ही वही. तिला तिथे इव्हेंट बुक म्हणतात आणि २००० च्या आसपासपासून ती चालू आहे. कल्पना इतकी साधी आहे की आपल्याकडे कुठल्याही ग्रामसभेला उद्या सुरू करता येईल.

गावाने आधी ठरवायचं की आपल्याला कशाकशावर लक्ष ठेवायचंय. चोरटी शिकार, पिकाचं नुकसान, गुरांवर हल्ले, पाऊस, दुर्मिळ प्राणी दिसणं, वणवा, मेलेली जनावरं. प्रत्येक विषयाचं वेगळं पिवळं कार्ड. गार्ड फिरायला निघाला की ही छोटी फाइल त्याच्याबरोबर, काही घडलं की तिथेच नोंद. महिना संपला की सगळ्या गार्डांच्या नोंदी ऑफिसातल्या निळ्या तक्त्यावर चढतात, एकेका घटनेला एकेक चौकोन रंगवत जायचा, म्हणजे ज्याला जेमतेम अक्षरओळख आहे त्यालाही लांबून दिसतं की या महिन्यात तरसाने जास्त शेळ्या नेल्या. वर्ष संपलं की लाल तक्ता, त्यात वर्षामागून वर्ष. पिवळा म्हणजे घटना, निळा म्हणजे महिना, लाल म्हणजे वर्षं. कॉम्प्युटर नाही, लाइट गेली म्हणून अडत नाही, आणि मुख्य म्हणजे मूळ कागद गावात राहतो, सरकार आणि संस्था त्याची नक्कल घेऊन जातात. दर वर्षी बाहेरचे लोक येऊन त्याचं ऑडिट करतात, पण वही गावाची.

यात चुका कुठे होतात? एक म्हणजे गार्ड महिन्याच्या शेवटी झाडाखाली बसून सगळी कार्डं एकदम भरतो. म्हणून पगार द्यायच्या आधी कार्डं बघायची, तारखा आणि ठिकाणं विचारायची. दुसरं, जिथे शिकारी पाहुणे येतात तिथेच गार्ड जास्त फिरतात आणि लांबच्या टोकाला कुणी जातच नाही, मग नोंद नाही म्हणजे तिथे काही घडत नाही असं वाटायला लागतं. फिरायच्या वाटा आलटून-पालटून द्या. आणि गार्डचा पगार वेळेवर द्या हो, बाकी सगळ्या खर्चाच्या आधी. महिनोन्महिने पगार न मिळालेल्या गार्डकडून ईमानदारीची अपेक्षा करणं हे क्रूर आहे.

मोजणी आणि कोटा

आता प्राणी किती आहेत? वायव्येला उघडा माळ-डोंगर आहे म्हणून तिथे ठरलेल्या रस्त्यांवरून गाडीने जात मोजणी होते, गावचे लोक, मंत्रालयाचे लोक आणि संस्था एकाच गाडीत. झांबेझीकडे झाडी दाट, तिथे ठरलेल्या वाटांवरून पायी. न्याए न्याएमध्ये पाणवठ्यावर चांदण्या रात्री बसून, जसं आपल्याकडे बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसतात तसंच जवळपास. पद्धत कुठलीही वापरा, पण दर वर्षी तीच वाट, तोच हंगाम ठेवा, कारण आपल्याला नक्की आकड्यापेक्षा वाढतोय की घटतोय हे बघायचंय.

मग मंत्रालयाच्या लोकांबरोबर बसायचं, मोजणीचा आकडा, वहीतले तक्ते, आणि गावाला काय वाटतं, हे सगळं टेबलावर ठेवून कोटा मागायचा. कोटा मंजूर करणं सरकारच्या हातात असतं, गावाने ठरवलं आणि मारलं असं होत नाही. कोट्याचे प्रकार वेगळे असतात. गावाच्या मांसासाठी, जिवंत पकडून विकण्यासाठी, आणि ट्रॉफी शिकारीसाठी, म्हणजे परदेशी पाहुणा मोठ्या शिंगाचा-सुळ्यांचा नर मारणार आणि शिंगं-कातडं घेऊन जाणार. शेवटच्या प्रकारात संख्या सगळ्यात कमी आणि पैसा सगळ्यात जास्त.

इथे धंद्याचं गणित गावाच्या बाजूचं आहे. पाहुणा पैसे देतो ते म्हाताऱ्या, मोठ्या शिंगाच्या नरासाठी. कोटा जास्त मागितला तर काही वर्षांतच मोठे नर संपतात, शिंगं लहान व्हायला लागतात, आणि भाव पडतो. म्हणून मारलेल्या प्रत्येक प्राण्याच्या शिंगाचं माप वहीत ठेवा. माप सलग दोन-तीन वर्षं कमी येत असेल तर कुणी काहीही म्हणो, कोटा कमी करा. हे मोजणीपेक्षाही लवकर कळतं.

आणि दुष्काळ. २०१२ च्या सुमारापासून वायव्येत पाऊस वर्षामागून वर्ष कमी पडत गेला आणि स्प्रिंगबॉक, ओरिक्स, डोंगरी झेब्रा सगळ्यांची संख्या खूप खाली आली, मांसासाठीचे कोटे कापावे लागले. यात शिकारीचा दोष नव्हता, पण मागच्या चांगल्या वर्षाच्या आकड्यावर कोटा चालू ठेवला असता तर दोष झाला असता. म्हणून कोट्यावर उत्पन्न धरताना बजेटमध्ये वाईट वर्ष आधीच धरून चाला.

गेंडा यात येत नाही हे लक्षात ठेवा. काळा गेंडा सरकारच्या मालकीचा, गावाकडे फक्त राखणीला. २००४ साली साइट्स करारात, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात, नामिबियाला वर्षाला पाच काळे गेंडे, तेही म्हातारे नर, एवढी परवानगी मिळाली आणि २०१४ ला अमेरिकेत डॅलसला एका परवान्याचा लिलाव साडेतीन लाख डॉलरला गेला तेव्हा जगभर बोंब झाली. ते प्रकरण आणि गावाचा कोटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

करार: इथे गाव फसतं

ट्रॉफी शिकार गाव स्वतः करत नाही. एका लायसन्सधारक व्यावसायिक शिकाऱ्याशी करार होतो, तो परदेशातून पाहुणे आणतो, कॅम्प लावतो, शिकारीची जबाबदारी घेतो आणि गावाला पैसे देतो. टेंडर काढा. ओळखीचा आहे, मागच्या वेळी ख्रिसमसला सगळ्यांना मांस दिलं, गाडी दिली, म्हणून त्यालाच द्या असं समितीतला कुणी म्हणेल, त्याचं ऐकून घ्या आणि टेंडर काढा.

टेंडरमधला मोठा आकडा बघून भुलू नका. एक उदाहरण घेऊ, आकडे माझे आहेत, फक्त हिशोब समजायला. समजा कोट्यात चार हत्ती आहेत. पहिला म्हणतो एका हत्तीला ५०,००० देईन पण जो मारला त्याचेच. दुसरा म्हणतो ४०,००० देईन पण चारही हत्तींचे, पाहुणा येवो न येवो. पहिल्या वर्षी पाहुणे दोनच आले. पहिल्याकडून १,००,००० आले असते, दुसऱ्याकडून १,६०,०००. शिवाय पहिल्याला कोटा अडकवून ठेवायला काहीच खर्च नाही, तुमचा हत्ती त्याच्या जाहिरातीत आणि जोखीम सगळी तुमच्या माथी. म्हणून हमीची रक्कम किती, हे आधी विचारा. काही प्राण्यांचे हमीचे आणि काहींचे मारले तर, असा मधला मार्गही निघतो.

करारात अजून काय-काय लिहून घ्यायचं ते सांगतो. पैसे कुठल्या तारखेला आणि कन्झर्व्हन्सीच्या बँक खात्यातच, कुणाच्या हातात रोख नाही, प्रमुखाच्याही नाही. मांस कुणाचं, तर गावाचं, आणि ते कुठे आणून द्यायचं हे पण, कारण डोंगरात वीस किलोमीटर आत पडलेल्या झेब्र्याचं मांस 'तुमचंच आहे, घेऊन जा' म्हणण्याला काही अर्थ नसतो. जखमी होऊन पळाला तर तो मारलेला धरायचा आणि पैसे पूर्ण. कॅम्पवर किती जणांना काम, माग काढणारे, स्वयंपाकी, कातडं सोलणारे, यातले गावचे किती. प्रत्येक शिकारीला गावचा गेम गार्ड बरोबर. आणि करार किती वर्षांचा, मोडला तर काय.

हे वाचून घ्यायला वकील परवडत नसेल तर मदत करणाऱ्या संस्था आहेत, नामिबियात त्यांची एक संघटनाच आहे, नाक्सो नावाची, ती दरवर्षी सगळ्या कन्झर्व्हन्सींचा अहवाल काढते. पण करार तुमच्या भाषेत, हेरेरोत किंवा खोएखोएत, भर सभेत वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. मी आपल्याकडच्या एका गावात बैठकीला बसलो होतो, तेंदूपत्त्याचा करार होता, इंग्रजीत, आणि सही करणाऱ्याने मला नंतर विचारलं की यात आमचा दर नक्की किती लिहिलाय. मला रात्री झोप लागली नव्हती.

शिकारीच्या दिवशी

नामिबियात ट्रॉफीचा हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर. प्रत्येक शिकारीला मंत्रालयाचा परवाना आधी लागतो, आणि हत्ती, बिबट्या यांच्यासारख्या प्राण्यांची ट्रॉफी देशाबाहेर न्यायला साइट्सचे कागद लागतात. तुमच्या गार्डचं काम असं: परवान्यावरचा प्राणी आणि समोरचा प्राणी एकच आहे ना, नर आहे ना, म्हातारा आहे ना, गाडीतून किंवा पाणवठ्यावर बसून मारत नाहीयेत ना, आणि गोळी लागल्यावर माग काढून शेवटपर्यंत गेले ना. त्याने हरकत घेतली तर ती नोंद व्हायला हवी आणि समितीने त्याच्या मागे उभं राहायला हवं, नाहीतर पाहुण्यासमोर गरीब गार्ड काय बोलणार.

हत्ती पडला की बातमी कशी पसरते कुणास ठाऊक, पण पसरते, आणि सुऱ्या, टोपल्या, बादल्या घेऊन माणसं येतात. अशा वेळी ज्याचा हात जोरात त्याला मांस, आणि म्हाताऱ्या बाईला आतडी. वाटपाची यादी आधी ठरलेली पाहिजे, कुठली वस्ती या वेळी, कुठली पुढच्या वेळी, आजारी आणि एकट्या माणसांचा वाटा बाजूला. पट्ट्या कापून वाळवलेलं मांस महिनोन्महिने टिकतं. आपल्याला बाहेरून हे किरकोळ वाटतं, पण ज्या घरात आठवडाभर फक्त मक्याची लापशी असते तिथे ते किरकोळ नाही.

मला स्वतःला हत्ती पडताना बघवणार नाही, हे सांगून टाकतो. पण तो निर्णय त्याच्याबरोबर राहणाऱ्यांचा आहे, माझा नाही.

पैसा आला, आता?

नामिबियाची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की शिकारीची कमाई थेट कन्झर्व्हन्सीच्या खात्यात येते, मध्ये जिल्हा परिषद नाही, तालुका नाही. हे किती मोठं आहे ते कळायला शेजारच्या झिम्बाब्वेकडे बघा. तिथला कॅम्पफायर कार्यक्रम १९८९ पासून, म्हणजे नामिबियाच्याही आधीचा, आणि सुरुवातीला सगळ्या जगाने त्याचं कौतुक केलं. पण तिथे हक्क गावाला न देता ग्रामीण जिल्हा परिषदांना दिला, आणि परिषदेने निम्मे तरी खाली पोचवावेत अशी अपेक्षा ठेवली. जिथे परिषद चांगली तिथे पैसे पोचले, आणि अनेक ठिकाणी पैसे वरच्यावरच जिरले. हत्ती ज्यांचं शेत तुडवतो त्यांच्या हातात काहीच नाही, म्हणजे फिरून तिथेच आलो.

आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला वनहक्क कायद्याखाली २००९ ला सामूहिक हक्क मिळाला तरी बांबू बाहेर न्यायचा वाहतूक पास ग्रामसभेने द्यायचा की वनखात्याने यावर पुढे दोन वर्षं अडलं होतं, २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन पासबुक ग्रामसभेच्या हातात दिलं तेव्हा कुठे हक्क खरा झाला. शिकार आणि बांबू यांची तुलना होत नाही, पण पावती कुणी फाडायची हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

खात्यात आलेल्या पैशातून पहिले गार्डांचे पगार, गाडीचं डिझेल, ऑफिस. त्यानंतर नुकसानभरपाई. त्यानंतर उरलं तर वाटप: कुठे शाळेला, कुठे वीज, कुठे म्हाताऱ्यांना जेवण, कुठे रोख. न्याए न्याएने सभासदांना रोख वाटलेली आहे. रोख द्यावी की कामं करावीत यावर मोठमोठे लोक वाद घालतात, माझं मत असं की निदान थोडी तरी रोख प्रत्येकाच्या हातात पडावी, बाई असो की पुरुष, कारण समाजमंदिराला आपला हिस्सा किती लागला ते कुणालाच कळत नाही आणि हातातल्या नोटा मोजता येतात.

पण खरं सांगायचं तर बऱ्याच कन्झर्व्हन्सींत पगार आणि चालू खर्च भागवल्यावर वाटायला फारच थोडं उरतं. तेव्हा सुरुवातीलाच लोकांना मोठी स्वप्नं दाखवू नका. समितीच्या लोकांचे भत्ते, मीटिंगचे प्रवासखर्च यावर मर्यादा घाला आणि ती नियमावलीत लिहा.

शिकार की पर्यटन, हा प्रश्न सारखा येतो. जिथे निसर्ग देखणा आहे, रस्ता आहे, तिथे लॉज होतं आणि लॉजमधून पगाराच्या नोकऱ्या येतात, टोराने तसं केलं. पण प्रत्येक गावाला समुद्रासारखं वाळवंट आणि सूर्यास्त मिळत नाही. १९९८ ते २०१३ मधल्या ७७ कन्झर्व्हन्सींचा हिशोब मांडणारा एक अभ्यास २०१६ ला आला, त्यात दिसलं की नोंदणीनंतर शिकारीचा फायदा साधारण तीन वर्षांत सुरू होतो आणि पर्यटनाचा सहा वर्षांत, आणि शिकार काढून टाकली तर स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या कन्झर्व्हन्सींची संख्या खूप वाढते. तर दोन्ही ठेवा, पण जागा वेगळ्या ठेवा. फोटो काढायला आलेल्या पाहुण्याला गोळीचा आवाज ऐकू जाता कामा नये, म्हणून हद्दीत झोन पाडा आणि ते दोन्ही करारात लिहा.

नुकसान झालेल्याकडे आधी जा

सिंहाने गाय मारली आणि पंचनाम्याला चार दिवसांनी माणूस आला तर तिसऱ्या दिवशी विष घातलेलं मांस पडलेलं असतं, आणि मग एक सिंह नाही, गिधाडं, तरस, कोल्हे सगळेच जातात. बिबट्याने शेळी नेल्यावर आपल्याकडचा शेतकरी काय सहन करतो ते आपल्याला सांगायला नको.

म्हणून गार्डने त्याच दिवशी जायचं, माग बघायचा, कार्ड भरायचं. नामिबियात भरपाईसाठी योजना आहे, पण ती पूर्ण किंमत देत नाही आणि अटी आहेत, रात्री गुरं गोठ्यात होती का वगैरे. तेव्हा पैशापेक्षा आधी गोठा पक्का करा, उंच आणि आरपार न दिसणारा, म्हणजे सिंहाला आतली गुरं दिसत नाहीत आणि गुरं बुजून बाहेर पळत नाहीत. पाण्याच्या टाकीभोवती दगडाची जाड भिंत आणि हत्तीसाठी वेगळा पाणवठा, थोडा लांब. हत्तीला पाणी मिळालं की तो पाइप उपटत नाही. पंपाला जास्तीचं डिझेल लागतं, तो खर्च शिकारीच्या पैशातून द्या, आणि सभेत सांगा की तो त्यातून दिला.

काय तुमच्या हातात नाही

बाजार. युरोपात ट्रॉफी आणायला बंदी घालायची मागणी वाढतेय, बेल्जियमच्या संसदेने २०२४ ला तसा कायदा केला. पाहुणा ट्रॉफी घरी नेऊ शकला नाही तर तो येणार नाही. २०२० ला कोविड आला तेव्हा शिकारी आणि पर्यटक दोन्ही एकदम थांबले आणि गार्डांचे पगार बाहेरच्या मदतीवर काढावे लागले. सहा महिन्यांचे पगार बाजूला ठेवलेले नसतील तर कन्झर्व्हन्सी एका फटक्यात आडवी होते. ज्यांना शिकार बंद व्हायला हवी आहे त्यांच्या भावना मी समजू शकतो, त्यांनी एवढंच सांगावं की त्या महिन्यात त्या गार्डचा पगार कोण देणार. कुणी देत असेल तर मी आनंदाने त्यांच्या बाजूला.

दुसरं म्हणजे जमीन. प्राण्यांवर हक्क आहे पण जमिनीवर नाही, म्हणून बाहेरची गुरं घुसली तर कन्झर्व्हन्सी त्यांना स्वतःहून हाकलू शकत नाही. न्याए न्याएमध्ये २००९ ला शेजारच्या गामकडून लोक कुंपण तोडून गुरं घेऊन आत आले, आणि सान लोकांना कित्येक वर्षं पोलिसांच्या आणि कोर्टाच्या दारात जावं लागलं. यावर उपाय मला इथून सांगता येण्यासारखा नाही, फक्त एवढंच की घुसखोरी पण पहिल्या दिवसापासून वहीत तारखेसकट नोंदवा.

वर्षाची सभा

दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते, आणि ती घेताना: तारीख पेन्शनच्या दिवसाला लागून नको आणि पाऊस पडल्या-पडल्या नको, माणसं येत नाहीत. लांबच्या वस्त्यांना गाडी पाठवा. हिशोब फळ्यावर लिहा, करारात किती ठरले, खात्यात किती आले, किती प्राणी कोट्यात होते, किती मारले, शिंगाचं माप काय, पगाराला किती गेले. निळे आणि लाल तक्ते भिंतीला लावा आणि ते गार्डलाच समजावून सांगू द्या, अध्यक्षाला नको. मग शिकारी कंपनीच्या माणसाला बाहेर थांबायला सांगा, तो चांगला असला तरी, आणि लोकांना विचारा की पुढच्या वर्षी किती हत्ती द्यायचे, की या वर्षी एकही नको. नको म्हणाले तर तसं प्रोसिडिंगमध्ये लिहा आणि सह्या घ्या.